कढई चढली की मूल बापाकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घट बसले की वर्तमानपत्रांत फराळाच्या पाककृती सुरू होतात. चकली का फुटते, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवायचे, चिवड्याला फोडणी कधी द्यायची, सगळं नेमकं छापून येतं. ते वाचून घरातली बाई चार-पाच दिवस गॅससमोर बसते. त्या चार-पाच दिवसांत तिचं रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल कुठं असतं, याबद्दल मात्र एक ओळ येत नाही. ते तिच्याच पायात असतं. म्हणून हे पत्र कोल्हापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या तरुण बापांसाठी. जागा द्यावी ही विनंती.

आपल्या भागात तळणाला दिवाळीपासून नव्हे, नवरात्रापासूनच सुरुवात होते. देवीवर बांधायच्या कडाकण्या तळल्या जातात, मग पंधरा-वीस दिवसांत शेव, चकली, करंजी. मोठं तळण असलं की पुष्कळ घरांत शेगडी ओट्यावरून खाली जमिनीवर घेतात, कारण सोऱ्या दाबायला बसून जोर चांगला लागतो. पण अशा वेळी कढईचा काठ वर्षाच्या मुलाच्या हाताला सहज लागेल एवढ्या उंचीवर येतो. उकळतं पाणी १०० अंशांवर असतं. तळणाचं तेल १७० ते १८० अंशांवर असतं, शिवाय ते कातडीला चिकटून राहतं. गॅस बंद केल्यावरही कढई तासाभराने हात लावण्याजोगी होते. अपघात बरेचदा तळताना होत नाही. तळण संपलं, सगळे चहाला बाहेर आले आणि कढई तिथंच जमिनीवर राहिली, तेव्हा होतो.

तेव्हा कढई चढल्यापासून तेल गार होऊन डब्यात ओतेपर्यंत मूल बापाच्या ताब्यात असावं. "जरा बघ ना याला" असं बायकोने सांगेपर्यंत थांबू नये, हे काम आपलंच धरावं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी आपली पाळी बघून तळणाचा वार ठरवावा. दुसरी पाळी असेल तर तळण सकाळी, पहिली असेल तर चारनंतर. स्वयंपाकघराच्या दारात दोन फुटांची फळी आडवी लावली तर रांगणारं मूल अडतं, चालणारं फार वेळ अडत नाही. त्याला बाहेर घेऊन जाणं हेच खरं. रंकाळ्यावर नाहीतर जवळच्या बागेत दीड तास काढला की एक घाणा नव्हे, सगळी चकली होते.

तरीही भाजलंच, तर घड्याळ लावून २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडावं. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस काहीही लावू नये. डॉक्टरला आधी ते खरवडावं लागतं आणि खालची उष्णता आत कोंडून राहते. भाजलेल्या जागेजवळचा कपडा, मनगट्या, करगोटा लगेच काढावा, कारण सूज आली की निघत नाही. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. पाणी फक्त भाजलेल्या जागेवर सोडावं, बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळावं, नाहीतर लहान मूल गारठतं. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. त्याहून मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हाताचे पंजे, जांघ भाजली असेल, तर धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून सरळ दवाखान्यात न्यावं. फोड फोडू नयेत.

फराळाचा दुसरा धोका डब्यात असतो. चिवड्यातले शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्याचे काप चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत. त्या वयात दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आलेल्या असल्या तरी चावण्याचा सराव नसतो, आणि पाहुण्यांच्या गडबडीत मूल खाता खाता पळतं, हसतं. शेंगदाणा श्वासनळीत गेला की जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. हीच शांतता फसवते. दाणा आत एका फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असू शकतो. नंतर काही दिवस खोकला, घरघर, ताप येतो आणि घरचे सर्दी समजून बसतात. साध्या एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. म्हणून ठसका लागला तेव्हा मुलाच्या तोंडात काय होतं, ते डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगावं.

मुलाला खोकता, रडता येत असेल तर त्याला खोकू द्यावं, पाठीत थापा मारू नयेत. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर क्षणही न घालवता पुढचं करावं. वर्षाच्या आतलं बाळ आपल्या मांडीवर टेकवलेल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांत. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन खांद्यांच्या मधोमध ५ जोरदार थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ५ वेळा दाब. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत. वर्षावरच्या मुलाला पाठीत ५ थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे ५ झटके. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपडून काढायला जाऊ नये, ती आणखी आत जाते. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावावा. हे सगळं दिवाळीआधी एकदा बाहुलीवर करून बघावं. वाचून हात वळत नाहीत.

आता तापाविषयी. आश्विनात दुपारी ऊन चटके देतं, पहाटे वाकळ अंगावर ओढावी लागते, आणि परतीच्या पावसाचं पाणी गच्चीवर, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं असतं. हा डेंग्यूचा मोसम. त्याचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून घरातली भांडी, पिंपं कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात, म्हणून कड काथ्याने घासायची. फ्रिजच्या मागचा ट्रे सगळे विसरतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा मच्छरदाणी बाळाच्या दुपारच्या झोपेलाच जास्त लागते.

ताप हाताच्या पाठीने बघू नये. डिजिटल थर्मामीटर काखेत, बीप वाजेपर्यंत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप असेल तर घरी औषध न देता त्याच रात्री डॉक्टर गाठावा. मोठ्या बाळाला पॅरासिटामॉल देताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो थेंबांत आणि सिरपमध्ये. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि काही सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम: थेंब असतील तर १.२ मिली, १२० वालं सिरप असेल तर ५ मिली. मागच्या वेळी "पाच मिली" सांगितलं होतं म्हणून थेंबांच्या बाटलीतून ५ मिली दिलं, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जातं, आणि त्याचा घाव यकृतावर बसतो. आपल्या बाळाचं आजचं वजन आणि घरातल्या बाटलीवरचा आकडा दाखवून मिलीत मात्रा डॉक्टरकडून लिहून घ्यावी, बाटलीवर चिकटवावी. दोन मात्रांत किमान ४ तास आणि २४ तासांत चारच वेळा. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव वाढतो.

डेंग्यूत ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं असं नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच धोका असतो. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल मलूल, सहा तासांत लघवी नाही, यांतलं एकही दिसलं की न थांबता दवाखाना.

सर्दी-खोकल्याच्या बाटल्या घरात असूच नयेत. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपमुळे लहान मुलं दगावली. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी कळवलं की २ वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊच नयेत, आणि ५ वर्षांखालीही साधारणपणे टाळावीत. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास मोजणं, आणि हे काम रात्री जागणाऱ्या बापाने शिकावं. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगातलं वर करायचं, मोबाइलवर पूर्ण १ मिनिट लावायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये. लहान बाळाचा श्वास कधी भराभर, कधी थांबत चालतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघू नये. दिवाळीच्या धुराने आणि शिवारात पाचट पेटवल्याने या दिवसांत हे जास्त होतं. फटाक्यांत नागगोळीचा धूर सगळ्यात वाईट, आणि ती नेमकी "आवाज नाही" म्हणून लहान मुलांच्या हातात दिली जाते.

अभ्यंगस्नानाचं थोडक्यात. बादलीत आधी गार पाणी, मग बंबातलं गरम. उलट करू नये. पाणी कोपराने बघावं, तळव्याला खरी धग कळत नाही. बंब चालू असताना मूल त्या बाजूला नको. गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कळतही नाही, कारण त्याला वास नसतो, रंग नसतो. गिझर न्हाणीघराबाहेर आणि खिडकी उघडी. वर्षाच्या आतल्या बाळाला उटणं चोळू नये, नुसतं खोबरेल पुरे, आणि नाका-कानात तेल घालू नये.

भाऊबीजेला सासुरवाडीहून मोटारसायकलवर परतणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात. बाळ टाकीवर, नाहीतर दोघांच्या मधे चेपलेलं, झोपेने मान टाकलेलं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला एसटीने न्यावं, हे आमचं स्पष्ट मत. त्यात उसाचा गळीत हंगामही याच सुमारास सुरू होतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे ना दिवा ना चमकपट्टी, आणि समोरच्या गाडीच्या उजेडात ट्रॉली दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वाजता निघावं, जेवायला थांबू नये.

आणि किल्ला. थोरलं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर या ऋतूत बापलेकांनी करायचं याहून चांगलं काम नाही. समोर पन्हाळा असताना वेगळा नमुना शोधायची गरजही नाही. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर पातळ चिखलात बुडवलेलं पोतं, मग हाताने माती. माती घेताना काच आणि विंचू बघून घ्यावेत. माती ओली असतानाच त्यावर अळीव पेरायचे. ते भिजले की चिकट होतात, म्हणून उतारावरही घसरत नाहीत. वसुबारसेच्या सात-आठ दिवस आधी पेरले तर दिवाळीला बोटभर हिरवळ येते. पाणी फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं की बुरूज बसतो. मात्र किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो आणि खंदकात मुलं हौसेने पाणी भरतात. ते पाणी एक दिवसाआड काढून टाकावं, नाहीतर डेंग्यूचा डास आपल्याच अंगणात तयार होतो.

आपल्याला एकच विनंती. यंदा चिवड्याची कृती छापताना फोडणीच्या ओळीनंतर एवढं घालावं: शेंगदाणे, डाळं आणि खोबरं मिसळायच्या आधी एक वाटी मऊ पातळ पोहे लहान मुलांसाठी बाजूला काढावेत. आणि शेवटच्या ओळीत, तळणाच्या प्रत्येक कृतीखाली, कढई कुठं आणि किती वेळ गार करायची तेही.

आपले,
लहान मुलांचे काही पालक
शिवाजी पेठ, कोल्हापूर