जलसंजीवनीतली साखर ताकदीसाठी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पानांवर जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा, उल्लेख ‘तरतरी आणणारे पेय’ असा होऊ लागतो. क्षार भरून निघतात आणि साखरेने ताकद येते, असे त्यात लिहिलेले असते. पहिले अर्धवट खरे आहे, दुसरे चूक. एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे जेमतेम ५४ कॅलरी. ताकदीसाठी पेज बरी. ग्लुकोज तिथे असते ते सोडियमला आतड्यातून आत नेण्यासाठी. हे समजले नाही की पुढच्या सगळ्या चुका ओघाने येतात.

लहान आतड्याला आतून पेशींचा एकेरी थर असतो. प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे अशी दोन लाख पटले एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर भरेल. रेणूंची पाणी मानवणारी डोकी दोन्ही बाजूंना बाहेर असतात, तेलकट शेपट्या मध्ये. या तेलकट भागातून विद्युतभार असलेल्या सोडियमला वाट मिळत नाही आणि ग्लुकोजलाही मिळत नाही. वाट काढून देतात ती पटलात आरपार रुतलेली प्रथिने.

आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-१ नावाचे प्रथिन असते. ते एका वेळी एकाच बाजूला उघडते. तोंड पोकळीकडे असताना आधी सोडियमचे दोन आयन, म्हणजे भारित कण, बसतात, त्यामुळे ग्लुकोजची जागा नीट तयार होते. ग्लुकोजचा एक रेणू बसला की प्रथिनाचा आकार पालटतो आणि तिघेही पेशीत उतरतात. ग्लुकोज नसेल तर हा मार्ग सोडियमच्या कामाचा नाही. पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूला वेगळी प्रथिने असतात. तिथला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. म्हणून पेशीत सोडियम कायम कमी राहते आणि पुढच्या दाराने ते ओढले जाते. ग्लुकोज आणखी एका प्रथिनातून रक्तात जाते. सोडियम आणि ग्लुकोज पलीकडे गेले की पाणी आपसूक त्यांच्यामागे जाते. पाणी खेचणारा वेगळा पंप शरीरात नाही. पुढच्या आणि मागच्या बाजूची प्रथिने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शेजारच्या पेशी वरच्या कडेला घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. ती शिवण नसती तर सोडियम नुसते गोल गोल फिरत राहिले असते.

पटकीत (कॉलऱ्यात) काय बिघडते हेही याच पटलावर दिसते. पटकीच्या जंतूचे विष असते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले. ते विष पेशीतली एक कळ अडकवून ठेवते, चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत जातो, क्लोराइडचे दार सताड उघडे राहते आणि क्लोराइडमागे सोडियम व पाणी पोकळीत वाहू लागते. सोडियम शोषण्याचा नेहमीचा, ग्लुकोजशिवायचा मार्गही मंदावतो. एसजीएलटी-१ ला मात्र या विषाने धक्का लागत नाही. जलसंजीवनीचे सगळे यश या एका शाबूत दारावर उभे आहे. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात ही कल्पना जीवरसायनतज्ज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांत पटकी पसरून सलाइन संपत आल्यावर, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आणले. क्लोराइडचे दार मात्र जलसंजीवनीने बंद होत नाही. ‘पाजूनही जुलाब थांबले नाहीत’ ही तक्रार म्हणूनच गैरलागू आहे. जलसंजीवनीचे काम गेलेले पाणी परत आणणे एवढेच.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. मिलिमोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येच्या मापात, सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. बेरीज २४५. रक्ताची हीच बेरीज २९० च्या आसपास असते. पाणी जास्त बेरजेकडे ओढले जाते, म्हणून ते आतड्यातून रक्ताकडे जाते. जुन्या सूत्राची ३११ होती. नवे द्रावण आल्यावर मुलांच्या उलट्या आणि सलाइनची गरज कमी झाली. आता लिटरमागे १०० ग्रॅम साखर असलेले फळांचे पेय घ्या. ही साखर म्हणजे सुमारे २९२ मिलिमोल, आणि आतड्यात तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज झाले की दुप्पट. आता पाणी उलटे, रक्तातून आतड्यात येते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती म्हणूनच योग्य होती. खरे तर बरीच आधी व्हायला हवी होती.

मधुमेही लोक ‘बिनसाखरेची’ जलसंजीवनी मागतात. कृत्रिम गोडी जिभेला फसवते, एसजीएलटी-१ ला फसवत नाही. सोडियम जोडीदाराविना अडकून पडते. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ग्लुकोज २.७ ग्रॅम असते. जुलाबात तेवढ्याला घाबरू नये, रक्तातली साखर मात्र तपासत राहावी. उलट, जुलाब नसताना केवळ उन्हासाठी रोज चार पेले पिणाऱ्याच्या पोटात साधारण साडेतीन ग्रॅम मिठाइतके सोडियम जाते. दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

सर्वांत जास्त घोळ पाण्यात होतो. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले की मिठाची तीव्रता पाचपट होते आणि लहान बाळाच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीला जाते, झटकेही येऊ शकतात. पाकीट २०० मिलिलिटरचे की लिटरचे, ते आधी वाचावे. उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घालावे. अर्धे ठेवले तर भुकटीतले घटक समान वाटले जातीलच असे नाही. दूध, सरबत किंवा वरून साखर नको. कालवल्यावर उकळू नये, २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथे चहाचा चमचा धरला आहे आणि ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घरच्या साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो या दाराने जात नाही, पण उरलेले ग्लुकोज पुरते. यात पोटॅशियम नसते. शहाळ्यात ते भरपूर असते, सोडियम मात्र कमी. तेव्हा शहाळे जोडीला चालेल, जलसंजीवनीऐवजी नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त आले तर दवाखाना गाठावा.

जन्मल्यापासून काही दिवसांतच सुरू झालेले आणि जलसंजीवनी दिली की वाढणारे जुलाब ही निराळी गोष्ट आहे. क्वचित बाळांत एसजीएलटी-१ च जन्मतः नादुरुस्त असते. त्यांना ग्लुकोज आणि दुधातले गॅलॅक्टोजही सोसत नाही, फ्रुक्टोज मात्र सोसते, कारण त्याचे दार वेगळे आहे. असे बाळ बालरोगतज्ज्ञांकडे लगेच न्यावे.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक शिक्षक, मिरज