चिलर शेवटच्या पानावर ठेवल्याबद्दल

ऊर्जा लेखापरीक्षक मॅडम,
स.न.वि.वि.

आपल्या अहवालात नवा चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) शेवटच्या पानावर होता, त्याबद्दल आधी आभार. एरवी सगळ्यांची सुरुवात यंत्रापासूनच होते. छत तापतंय, फटींतून बाहेरची हवा आत येतेय, अशा इमारतीचा भार (किती उष्णता बाहेर काढायची ते) धरून घेतलेलं यंत्र दुरुस्तीनंतर मोठं ठरतं. मग ते सारखं चालू-बंद होतं. खोली गार होते, दमटपणा मात्र जात नाही.

मीटरच्या रात्री एक ते चारच्या नोंदी काढायला लावल्यात, त्या वर्षभराच्या बिलांपेक्षा जास्त बोलल्या. रिकाम्या इमारतीत वीज कोण खातंय, हे एकेक फीडर (इमारतीच्या एकेका भागाला वीज नेणारी लाइन) बंद करत गेलं की कळतं. एक्झॉस्ट, वॉटर कूलर, पंप. आणि वीज जाऊन आल्यावर मागे पडलेलं टायमरचं घड्याळ, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

छताबाबत आपला हट्ट योग्यच होता: आधी गळती, मग इन्सुलेशन. इन्सुलेशन चालतं ते आत अडकलेल्या हवेच्या किंवा वायूच्या जोरावर. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून भिजलेला थर नावापुरताच उरतो. इन्सुलेशनच्या पाट्या दोन थरांत आणि सांध्यावर सांधा न येऊ देता बसवायच्या, हे आपण छतावर उकिडवं बसून मिस्त्रीला खडूने आखून दिलंत. ड्रॉइंगवरून ते त्याला समजलं नसतं.

दिव्यांचं काम सोपं, म्हणूनच त्यात चुका जास्त. 40 वॅटची जुनी ट्यूब चोकसकट 50 च्या आसपास घेते, तिच्या जागी 20 वॅटची एलईडी पुरते. पण चोक वायरिंगमध्ये तसाच राहिला तर तो आपला वाटा खातच राहतो. चोक आणि जुन्या मोटारी गेल्यावर त्यांची भरपाई करायला पॅनेलमध्ये कायम जोडलेले कपॅसिटर जास्त होतात आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते ते प्रमाण) लीडिंगला, म्हणजे उलट बाजूला, जातो. हा मुद्दा आपल्याशिवाय कुणी काढला नव्हता.

एएचयूच्या (गार हवा खोल्यांत ढकलणाऱ्या यंत्राच्या) पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्मी लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते आणि 0.8 चा घन 0.51. मात्र व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) मॅन्युअलवर पूर्ण फ्रिक्वेन्सीला अडकवून ठेवला, तर तो नुसता महागडा स्विच. पॅनेलच्या दारावर आपण चिकटवलेली चिठ्ठी अजून जागेवर आहे.

खिडक्यांना गास्केट लावल्यावर ताज्या हवेचा डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) तपासायला सांगितलंत, तेही बरं झालं. फटी बुजल्या की आपोआप येणारी हवाही थांबते. बैठकीत पेंगणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी कार्बन डायऑक्साइड 1000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 1000) वर गेलाय का, ते बघावं.

आता ते शेवटचं पान उघडतो आहोत. भाराचं गणित नव्याने मांडल्याशिवाय चिलरची निविदा निघणार नाही.

आपला,
इमारत देखभाल विभाग