वणवा पथकाचे २५ उन्हाळे : ग्रामस्थ, मुंबईकर आणि माहेरवाशिणींना आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि माहेरवाशिणी यांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या यात्रेला आपल्या वणवा पथकाचे २५ उन्हाळे पूर्ण होतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्या लागायच्या आधी, देवळासमोर पथकातल्या जुन्या-नव्या सगळ्यांचा सत्कार करायचा, असं बैठकीत ठरलं आहे. दिवस थोडे उरलेत, सुगीही चालू आहे, त्यामुळे पत्र घाईत लिहितोय. कुणाचा उल्लेख राहिला तर राग मानू नका.

पथक कसं उभं राहिलं हे आताच्या पोरांना ठाऊक नसेल. शिमग्याच्या आदल्या रात्री ओढ्याकडून वणवा लागला आणि चढाने सुसाट वर आला. वरच्या आळीतल्या वैरणीच्या गंज्या एकामागून एक पेटल्या, दोन गोठे गेले. बायका हंडे-कळश्या घेऊन धावत होत्या, पण आड तेव्हाच आटलेला. साताऱ्याहून बंब निघाला, तो रस्ता संपतो तिथपर्यंत आला. त्या लोकांचा दोष नाही, डोंगराला बंब चढत नाही. दुसऱ्या दिवशी नाना, आबा, गुरुजी आणि दहा-बारा पोरं देवळात बसली आणि एकच गोष्ट ठरली: घंटा सलग वाजली की हातातलं काम टाकून निघायचं. ना गणवेश, ना अध्यक्ष. त्या रात्रीची आबांची टायरची चप्पल गुरुजींनी अजून जपून ठेवली आहे. तळवा वितळून त्यात खडे रुतून बसलेत.

नानांनी घालून दिलेली पद्धत आजही तशीच चालते. जाळाच्या तोंडासमोर, चढाच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या बाजूने शिरायचं आणि बगलेने विझवत तोंडाकडे सरकायचं. फांदी ओली हवी, निरगुडीची नाहीतर जांभळीची, आणि ती आपटायची नाही, दाबून ओढायची. आपटली की ठिणग्या उडून पलीकडचं गवत धरतं. दुपारच्या वाऱ्यात जीव धोक्यात घालायचा नाही. रात्री वारा पडतो, गारवा उतरतो, तेव्हा खरं काम. आणि जाळ दिसेनासा झाला म्हणून घरी यायचं नाही. वठलेल्या खोडात विस्तव दोन-दोन दिवस राहतो. शेवटचा माणूस प्रत्येक ओंडक्याजवळ बसून हात उपडा धरतो, धग लागली नाही तरच उठतो. गेली कित्येक वर्षं हा शेवटचा माणूस म्हणजे नाना.

हे झालं उन्हाळ्याचं. दिवाळी सरून गवत वाळायला लागलं की वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढायलाही हीच मंडळी जातात, तीही बिनपगारी. पलीकडचं कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या पठाराच्या खालचे आपले उतार दर उन्हाळ्यात कोण राखतं, हे मात्र कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. हल्ली डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाईलवर येतात. पथकातल्या पोरांनी त्यासाठी नावं नोंदवली आहेत. उपयोग होतोच, पण उपग्रह आपल्या ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. बहुतेकदा त्याच्या आधी गुराख्याची हाक आलेली असते.

आजवर ज्यांनी हात दिला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिला पाठीवरचा ब्लोअर कोपरखैरण्याच्या आपल्या माथाडी बांधवांनी दिला. आठ घरांनी मिळून पैसे काढले आणि यात्रेला येताना एसटीत मांडीवर धरून तो गावात आणला. नावं छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही, पण गावाला ती पाठ आहेत. पालापाचोळा उडवून पट्टा मोकळा करायला एक ब्लोअर चार-पाच माणसांचं काम करतो, हे त्या वर्षी कळलं. भजनी मंडळाने एका सप्ताहाची सगळी दक्षिणा विजेऱ्यांसाठी दिली. धाकट्या आळीच्या काकी घंटा वाजली की चूल पेटवतात. रात्री दोन वाजता डोंगरावर पिठलं-भाकरी आणि ताक त्यांच्याच घरून येतं, आणि आजवर त्यांनी गावच्या मंडळाकडून पिठाचे पैसे घेतलेले नाहीत. डेअरीने रिकामे कॅन दिले, त्यातून पाणी वर जातं. एक माहेरवाशीण दर वर्षी भाऊबीजेची ओवाळणी पथकाला देऊन जाते. अशी माणसं आहेत म्हणून हे चाललं.

आता मनातलं बोलतो. गेल्या वर्षी असंच पत्र काढलं होतं. तेव्हा जमलेली रक्कम इतकी थोडी होती की ती जाहीर करायलाही संकोच वाटला. मंदिराच्या कळसाला आपण भरभरून दिलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण मार्चमध्ये डोंगर जळत असताना सडकेवर उभं राहून मोबाईलवर चित्रण करणारे वीस आणि वर चढणारे सात, हे बघून वाईट वाटलं. ‘ते त्यांचं कामच आहे’ असंही कानावर आलं. ते त्यांचं काम नाही. रानात गुरं चारण्याचा हक्क घेणाऱ्यांनी वणवा विझवायला मदत करावी, असं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९ सांगतं, म्हणजे ते आपल्यातल्या बहुतेकांचं काम आहे. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून रान पेटवणाऱ्यांनीही एकदा नानांबरोबर सकाळी डोंगरावर यावं आणि टिटवीची भाजलेली अंडी बघावीत.

सत्कारासाठी यात्रा निवडली, कारण मुंबईकर तेव्हाच येतात. शिवाय १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या बोटीचे स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्यासाठीही आपण दोन मिनिटं उभे राहू.

सत्काराला शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाला चामड्याचे बूट. जमा रकमेतून आधी पथकाचा वर्षाचा अपघात विमा, मग दोन नवे ब्लोअर (एक साधारण १५ ते २० हजारांच्या घरात), जुन्याची दुरुस्ती, विजेऱ्या, हातमोजे, औषधपेटी. रोख रक्कम खजिनदारांकडे द्यावी, पावती घेतल्याशिवाय उठू नये. मुंबईकरांसाठी मंडळाचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला आहे, पैसे भरल्यावर नाव आणि आळी कळवावी. आयकरात सूट मिळणारी पावती आपल्याकडे नाही. वस्तूही चालतील, पण बूट घ्यायच्या आधी मापं विचारा, यादी गुरुजींकडे आहे. रक्कम यात्रेच्या आठ दिवस आधी पोचली तर खरेदी होईल. हिशेब यात्रेनंतरच्या बैठकीत फळ्यावर लावू. पैसे जमत नसतील त्यांनी १८ वर्षांवरचा एक मुलगा किंवा मुलगी पथकात द्यावी. जुन्यांपैकी पाच जणांचे गुडघे आता चढ घेत नाहीत.

शेवटी एक विनंती. पहिल्या दहा वर्षांनंतर असाच सत्कार ठरला होता, तेव्हा नाना आदल्या रात्रीच मुलीच्या गावाला निघून गेले होते. ते मोबाईल वापरत नाहीत. तेव्हा हे पत्र त्यांना कुणी वाचून दाखवू नये, आणि त्यांच्या बुटाचं माप मी सूनबाईंकडून आधीच घेतलं आहे.

आपला,
सचिव