पापणी पडते, तिला अशक्तपणा म्हणू नका

मा. संपादक,
स. न.

वेचणीच्या दिवसांत बाया थकतातच. म्हणून एखादी म्हणाली, ‘सांजेपर्यंत डोळाच उघडत नाही’, की रक्तवाढीच्या गोळ्या हातात पडतात. माझ्या पत्नीचे तसेच झाले. सकाळी ती ठणठणीत असायची. दुपारनंतर डावी पापणी खाली यायची, एका बोंडाची दोन दिसायची; मग एका हाताने पापणी वर धरून ती दुसऱ्या हाताने कापूस वेचायची. रात्री अर्धी भाकर खाऊन होत नाही तो जबडा थकायचा, बोलणे नाकातून येऊ लागायचे. चष्मा झाला, टॉनिक झाले, अंगारा झाला. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस असे निदान केले, तोवर पुढचा हंगाम आला होता.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. नसेकडून येणारा संदेश स्नायूवरचे जे ग्राही (रिसेप्टर) झेलतात, त्यांच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. स्नायू वापरला की दमतो, विसावा मिळाला की सावरतो. नाग चावला की पापण्या पडतात, हे आमच्याकडे वावरात राबणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नागाचे विष याच ग्राहींना अडवते. 1973 साली संशोधकांनी मण्यारीच्या कुळातल्या एका सापाचे विष वापरूनच या रुग्णांच्या स्नायूंत ग्राही कमी असल्याचे दाखवून दिले.

म्हणूनच मला वाटते, हा आजार गावपातळीवर ओळखता येण्याजोगा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी बर्फाच्या पिशव्या असतात. मिटलेल्या पापणीवर बर्फ दोन मिनिटे धरावा. पापणी स्पष्ट वर उचलली गेली, तर संशय बळावतो. सर्पदंशात वापरतात ते निओस्टिग्मिनचे इंजेक्शनही डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदानाला मदत करते. मग रुग्णाला सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तिथे प्रतिपिंडांची तपासणी होते आणि छातीचा सीटी स्कॅनही, कारण शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांना छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते.

उपचार आहेत, आणि ते पुढे सरकत आहेत. पायरिडोस्टिग्मिन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन ही जुनी औषधे आजही कामी येतात. गाठ नसतानाही थायमस काढल्याने अनेकांची ताकद सुधारते आणि स्टिरॉइड कमी लागते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 126 रुग्णांच्या चाचणीत दिसले. 2021 च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळालेले एफगार्टिगिमॉड हे औषध रक्तातली प्रतिपिंडे लवकर नष्ट व्हावीत अशी व्यवस्था करते. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून पुन्हा शरीरात सोडण्याच्या चाचण्याही चालू आहेत. ही नवी औषधे इतकी महाग आहेत की कोरडवाहू शेतकऱ्याने त्यांचा विचारही करू नये. सरकारने करावा.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती साध्या तापाची. ताप आला की जवळच्या दवाखान्यात सुई टोचली जाते. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियमचे इंजेक्शन यांनी हा आजार एकाएकी वाढू शकतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटरची गरज पडते. पायरिडोस्टिग्मिन घेणाऱ्याने फवारणीपासूनही लांब राहावे. ही गोळी शरीरातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्याच विकरावर पऱ्हाटीवर मारतात ती ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके काम करतात, आणि दोन्ही मिळून त्रास दुणावतो.

आरोग्य विभागाने या रुग्णांना टाळायच्या औषधांचे मराठी कार्ड द्यावे आणि ते आशाताईंनाही समजावून सांगावे. पायरिडोस्टिग्मिनची 60 मिलिग्रॅमची गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बारमाही मिळावी. तिचा असर काही तासच टिकतो. घरातली पाकिटे संपली की त्याच दिवशी माझ्या पत्नीला घास गिळणे जड जाते, आणि आमच्या तालुक्यातल्या दुकानात ती मागवून दोन-तीन दिवसांनी येते.

– एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ