पवनचक्कीवाल्या आजोबांना

आजोबा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझ्या मोडक्या डचमध्ये हे मावत नाही, म्हणून माझ्याच भाषेत लिहिते.

दक्षिण हॉलंडमधलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा पवनचक्कीचे पंख कधीच उतरवलेले होते. उरला होता विटांचा गोल बुंधा. भिंती वर आत कलत जातात, त्यामुळे कपाट कुठेच धड टेकत नाही. इथं काय दळत होते, कोण राहत होतं, हे दोन वर्षं विचारत फिरले. दलाल 'जुनं आहे, छान आहे' यापुढे गेला नाही. कचेरीत तिसऱ्या खेपेलाही फाइल सापडली नाही. एका जाणकारानं तर 'पंख नाहीत म्हणजे ती पवनचक्कीच नाही' म्हणून फोन ठेवला. ते अजून सलतं.

तुम्ही आलात पावसात, सायकलवरून. उंबऱ्यापुढच्या अर्ध्या फुटक्या दगडाशी गुडघे टेकलेत, खिशातल्या रुमालानं चिखल पुसलात आणि माझी बोटं त्यावरच्या चरांवर ठेवलीत. मधून कडेकडे जाणारे चर. 'पीठ इथून बाहेर यायचं,' म्हणालात.

आजोबा, वाईजवळच्या आमच्या घरी जातं होतं. जात्याला टाकी लावणारी, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा खरखरीत करणारी, बाई दारावरून हाक द्यायची, मग दुपारभर छिन्नीची टकटक. तेच चर! तुमचा दगड जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागातल्या लाव्हाचा, ऱ्हाइनवरून आलेला. आमचा सह्याद्रीचा, तोही लाव्हाच. जात्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे आजीनं शिकवलेलं. आणि मी दोन वर्षं त्यावर बूट पुसत होते.

मग तुम्ही वर नेलंत. आमची झोपायची खोली म्हणजे जात्यांचा माळा. तुळयांवर सुतारांनी जुळणीसाठी कोरलेले आकडे दाखवलेत. वाफेची इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या, नेदरलँड्समधल्या हजारो पवनचक्क्यांतल्या आता सुमारे १२०० उरल्या. त्यातल्या कितीतरी तुमच्यासारखी माणसं बिनपगारी फिरती ठेवतात. २०१७ साली युनेस्कोनं या कामाला वारसा म्हटलं, पण तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. चहाही उभ्यानंच घेतलात. माणसाकडे असं साधेपण असतं तेव्हा परका गाव परका राहत नाही.

दगडावर आता कुणी पाय देत नाही, बाजूनं दोन फळ्या टाकल्यात. तुमचा रुमाल धुऊन ठेवलाय. न्यायला या, पुरणपोळी करते.

तुमची,
बुंध्यातली शेजारीण