पाचवा रकाना

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. ते पुरं करावं म्हणून लिहायला बसले. मेसेजवर लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळी होतेस, म्हणून कागदच घेतला.

सुई लावताना रडणाऱ्या त्या मुलाबद्दल तू सांगत होतीस, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "मग तू उचललं का नाहीस त्याला?" तू म्हणालीस, "आई, मी तिथे निरीक्षक होते." आणि पुढे काही नाहीच. प्रश्न मी मागे घेत नाही. पण तो टोमणा नव्हता. तुला तसा लागला हे तुझ्या आवाजावरून कळलं. असो. आज मला तो विषय काढायचाच नाहीये.

मला खरं तर तुझं कौतुक करायचं होतं. एथिक्स कमिटीने तुझा प्रस्ताव पास केला ते कळल्यापासून बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत. त्यांच्या मित्रांपैकी एकाने विचारलं, "नर्सिंगमध्ये कसलं आलंय संशोधन?" बाबा अडखळले. मी नाही अडखळले. मी त्याला वॉर्ड आडनावाच्या एका सिस्टरची गोष्ट ऐकवली, तुझ्याकडून ऐकलेली, थोडं तिखटमीठ लावून. १९५६ साल, इंग्लंडातलं रॉचफर्डचं हॉस्पिटल, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग. ही बाई बाळांना जरा ऊन-वारा लागावा म्हणून अंगणात नेते. एके दिवशी तिला दिसतं की एका बाळाच्या अंगावरची कावीळ उतरलीय, पण चादरीचा कोपरा होता तेवढा त्रिकोण अजून पिवळाच आहे. ती राउंडला आलेल्या डॉक्टरांना दाखवते. त्यांना वाटतं हिने काहीतरी फासलंय! त्यातून शोध लागत लागत १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, आणि आज काविळीची बाळं दिव्याखाली ठेवतात ती तेव्हापासून. तो गृहस्थ गप्प बसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुझा अभ्यास आता मला बाबांपेक्षा जास्त कळतो. सलाइनची सुई लावताना लहान मुलाला टेबलावर आडवं धरायचं की आईबापाच्या मांडीवर बसवून कवेत धरायचं, कशात कमी दुखतं, कमी घाबरतं. चिठ्ठी निघेल तो गट. बधिर करणारं मलम दोन्ही गटांना, तासभर आधी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, यात शोधायचं काय, कुठल्याही आईला विचार. तेव्हा तू चिडली नव्हतीस. म्हणालीस, मांडीवर हात हलतो, शीर सापडत नाही, पुन्हा टोचावं लागतं असंही कित्येकांना 'ठाऊक' असतं. दोन्हीकडच्या 'ठाऊक आहे'ला उत्तर द्यायचं तर मोजावं लागतं. आणि मग ते नवजात बाळांचं सांगितलंस. त्यांच्या नसा पक्क्या नसतात, त्यांना दुखत नाही, असं शिकल्यासवरल्या लोकांना ठाऊकच होतं म्हणे. त्या जोरावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या दोघा संशोधकांनी सगळा पुरावा एकत्र मांडला, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं. १९८७! मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एवढ्या अलीकडचं आहे हे.

म्हणजे मोजायला हवं, हे मला पटलंय. मोजणाऱ्याचं काय होतं, एवढंच मी विचारते आहे. नाही, नको, राहू दे.

दादाचं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, सलग कधी सांगितलं नाही. त्याला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता, तू तर नव्हतीसच. भेटायची वेळ संध्याकाळी तेवढी. आणि थोड्या दिवसांनी तिथल्या मोठ्या सिस्टरनी तेही नको म्हणून सांगितलं. तुम्ही आलात की रडतो, गेलात की आणखी रडतो, बाकी वेळ शहाण्यासारखा असतो. बाई वाईट नव्हत्या. एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड. मी जिन्यात उभी राहायचे. आतून रडण्याचे आवाज यायचे, त्यातला आपला कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायचे. कधी चुकायचे, कधी नाही. मग त्याचा आवाज थांबला. सिस्टर म्हणाल्या, बघा, रुळला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! बाबांनी तर, आपला मुलगा धीराचा आहे, असं घरी सांगितलंसुद्धा.

घरी आणला तर तो माझ्याकडे येईना. बाबांकडे गेला, आजीकडे गेला, माझ्याकडे पाठ. मी समोर बसले की भिंतीकडे बघायचा. आणि मग काही आठवड्यांनी एकदम उलटं. मी न्हाणीघरात गेले तरी दार वाजवत बाहेर बसून राहायचा. लहान आहे, विसरेल, असं सगळे म्हणायचे.

त्याचं उत्तर तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मिळालं. रात्री उशिरा फोन करून वाचून दाखवलंस, हॉस्पिटलात आईपासून दूर ठेवलेल्या मुलाचं काय होतं ते: आधी आकांत, मग खचून जाणं, मग स्वतःला तोडून घेणं. तिसरी पायरी बाहेरून 'रुळला' अशीच दिसते. तू वाचत होतीस आणि इकडे मला जिना दिसत होता. हे टिपणारा जेम्स रॉबर्टसन ना डॉक्टर, ना नर्स. महायुद्धाच्या काळात मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ॲना फ्रॉइडच्या लंडनमधल्या बालगृहात बॉयलर सांभाळायचा. तिथे नियमच होता, काम कुठलंही असो, मुलांमध्ये जे दिसेल ते प्रत्येकाने टिपून ठेवायचं. बॉयलरवाल्यानेसुद्धा! (हा नियम मला शाळेत लावता आला असता तर शिपायांनी आम्हा शिक्षकांपेक्षा जास्त लिहिलं असतं.) पुढे तो कॅमेरा घेऊन वॉर्डात उभा राहिला, आणि १९५२ मध्ये त्याची फिल्म आली. अडीच वर्षांची लॉरा, बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन, आठ दिवसांचा मुक्काम. निवडून रडकी दृश्यं घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळेला चित्रण, आणि पुराव्याला चित्रात घड्याळ. ती पोर फार रडलीही नाही म्हणे. रडू आवरत होती, आणि ते आवरणंच पडद्यावर बघवत नव्हतं. डॉक्टर आणि नर्स भडकले, आमची बदनामी केलीस म्हणाले. पण १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने आईबापांना केव्हाही भेटू द्यावं, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्यावं असं लेखी दिलं. १९५९ चा कागद माझ्या जिन्यापर्यंत पोचला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तेव्हाच मला तुला विचारायचं होतं की त्या माणसाला रात्री झोप कशी लागत असेल. लॉरा आईला हाक मारतेय आणि ह्याच्या हातात कॅमेरा. त्याने खाली ठेवून तिला घेतलं असतं तर त्या दिवसापुरतं एका मुलीचं बरं झालं असतं, आणि बाकीच्या सगळ्या जिन्यांवरच्या आया तशाच उभ्या राहिल्या असत्या. हे मला कळतं. कळतं आणि तरी छातीत काहीतरी होतं, कारण आता तो कॅमेरा तुझ्याकडे आहे.

बघ, आलेच तिथे.

तू पाठवलेला फॉर्म बाबांनी छापून आणला. मुलांचं दुखणं मोजायची, १९९७ पासून वापरात असलेली मोजपट्टी आहे, असं तू म्हणाली होतीस. मी जन्मभर पेपर तपासलेली बाई, गुणांचा तक्ता दिसला की चश्मा आपोआप डोळ्यांवर येतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन; एकूण दहा. दोघींनी वेगवेगळं बसून व्हिडिओ बघायचा, गुण द्यायचे आणि मग ताडून बघायचे. हे फार आवडलं. आमच्याकडे एकच परीक्षक असायचा आणि त्याचा मूड.

पाचव्या रकान्यावर मात्र अडले. समाधानात, सैल असेल तर शून्य. थोपटल्यावर, जवळ घेतल्यावर, बोलल्यावर शांत होत असेल तर एक. काही केल्या होत नसेल तर दोन. म्हणजे रडणाऱ्या मुलाला कोणीतरी थोपटल्याशिवाय हा रकाना भरताच येत नाही! ज्यांनी हा फॉर्म केला त्यांनी नक्कीच आयुष्यभर रडणारी पोरं हाताळलेली असणार. तू म्हणशील, थोपटायला त्याची आई आहे. असते, मान्य. पण काल ती कुठे होती? तूच सांगितलंस, त्याला आडवं घेतलं तशी ती दाराशी जाऊन उभी राहिली, तिला बघवेना. सुई लावणाऱ्या सिस्टरचे दोन्ही हात गुंतलेले, हात धरणारी मदतनीस दुसरीकडे बघतेय. मग पाचव्या रकान्यात तू काय लिहिलंस, मनू? मला आकडा नकोय.

आता जरा दुसरं. नाईट करून लगेच दुसऱ्या दिवशी डेटा गोळा करायला जाऊ नकोस. मुलांची औषधं किलोच्या हिशेबाने, दशांश चिन्ह एक घर सरकलं की दसपट डोस जातो, म्हणून दोघींनी तपासायचं, हे तूच मला सांगितलंस. तपासणारी दुसरी आहे म्हणून पहिलीने पेंगायचं असतं का? वेळेवर जेव. केस विंचरताना रडू आलं तर येऊ दे, पण ड्युटीवर दात आवळून हसत राहू नकोस, मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळतं. आणि प्रत्येक मूल तुझं नाही, हे लक्षात ठेव. पण कुणाचंच नाही असंही समजू नकोस. झालं, सुरू झालं माझं. माफ कर. बाबा म्हणतात, तुझ्या पत्रांना खडूचा वास येतो.

बाबांनी आणखी एक शंका काढली, फरक काहीच निघाला नाही तर? मी त्यांना सांगितलं, तरी ती छापणार आहे. या वाक्याचा मला किती अभिमान आहे ते तुला कळायचं नाही.

पण तुझ्याच तोंडची आणखी एक गोष्ट तुला परत सांगते. कांगारू पद्धतीची. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. अडचणीतून निघालेली वाट. पुढे मोठा अभ्यास झाला, पाच देशांत, त्यात भारतही. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळं. एका गटाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, दुसऱ्याला तब्येत स्थिरावल्यावर. पहिल्या २८ दिवसांत दगावणारी एकीकडे शंभरात १२, दुसरीकडे जवळजवळ १६. २०२१ मध्ये ते छापून आलं. फरक इतका स्वच्छ दिसला की अभ्यास ठरलेल्या वेळेआधी थांबवला. मला त्यातलं आकड्यांपेक्षा हे थांबवणं जास्त लक्षात राहिलं. मोजणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी एक वेगळी समिती होती, आणि तिने सांगितलं, पुरे, आता सगळ्यांनाच लगेच घ्या.

तुझ्या अभ्यासाला असं 'पुरे' म्हणणारं कोणी आहे का? आई-वडील केव्हाही नाही म्हणू शकतात, त्याने उपचारात फरक पडत नाही, हे संमतीपत्रात मी वाचलं. ते छान आहे. पण दाराशी उभी असलेली बाई 'नाही' म्हणायला आत येत नसते, हे मी तुला अनुभवाने सांगते. तुझ्या गाईडना विचार. निरीक्षण कुठे संपतं ती वेळ कागदावर लिहून घे. सुई लागली, पट्टी बसली, रकाने भरले, की त्या मिनिटापासून तू नर्स आहेस आणि हात मोकळे आहेत. आणि आई दाराकडे गेली तर तिला परत आत कोण आणणार, तेही कुणाच्या तरी नावावर लिहा. 'कोणीतरी आणेल' नको. मला जिन्यातून कोणी आत बोलावलं असतं तर बघवलं नसतं तरी मी गेले असते.

काल ज्याला उचललं नाहीस तो आज कसा आहे, तेवढं कळव. गुण नको कळवूस.

दादाला यातलं काही बोलू नकोस. आपल्याला त्यातलं काही आठवत नाही असं तो म्हणतो, आणि तसंच असेल. पण त्याच्या लेकीला परवा ताप आला तर रात्रभर खुर्ची सोडली नाही, सूनबाईने दोनदा उठवलं तरी.

रविवारी फोन कर. नाईट असेल तर करू नकोस, झोप.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, त्या व्हिडिओंमध्ये मुलांचे चेहरे दिसतात ना? मग ते किती वर्षं ठेवणार आणि पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? मलाही हे हवंय, उत्तर दे.