डेबियनमध्ये पॅकेज चढवण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवी पॅकेजं आधी जिथे येतात त्या शाखेत, अपलोड करताना फक्त सोर्स (मूळ कोड) पाठवा. लॅपटॉपवर तयार केलेली बायनरी (सोर्सपासून बनवलेलं, थेट बसवता येणारं पॅकेज) जोडलीत तर ते पॅकेज टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते त्या शाखेत, जात नाही. 2019 पासून हाच नियम आहे. अगदी नव्या पॅकेजला मात्र पहिल्या खेपेस बायनरी लागतेच, त्यामुळे मंजुरी मिळाली की सोर्सचा आणखी एक अपलोड करावा लागतो.

बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करणं, कायम स्वच्छ क्रूटमध्ये (मशीनवरच्या बाकी गोष्टींपासून वेगळ्या ठेवलेल्या छोट्या प्रणालीत), एसबिल्ड या साधनानेच करा. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. आपल्या मशीनवर आधीपासून असलेली लायब्ररी बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) लिहायची राहून जाते. घरी सगळं सुरळीत चालतं आणि बिल्ड सर्व्हरवर कॉन्फिगरच्या टप्प्यालाच अडतं. माझी एकदा अशी एकच ओळ राहिली होती, पीकेजी-कॉन्फ या लायब्ररी शोधून देणाऱ्या साधनाची. बिल्ड चालू असताना नेटवरून काहीही उतरवायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

पॅकेजमधल्या चुका तपासणाऱ्या लिंटियनच्या एरर दाबून टाकू नका, वाचा. कॉपीराइट फाइल घाईत उरकू नका. एखाद्या कोपऱ्यातल्या फाइलचा परवाना वेगळा असतो आणि पॅकेज परत येतं.

लायब्ररीचं एसओनेम (इतर प्रोग्रॅम तिला ज्या आवृत्तीसह नावाने ओळखतात ते) बदलत असेल तर आधी एक्सपेरिमेंटल या प्रयोगाच्या शाखेत टाका आणि रिलीज टीमचा होकार आल्यावरच पुढे जा.